दाजींचं अर्धं इंग्रजी

जालना जिल्ह्यात आजवर जेवढे लोक इंग्रजी शिकले असतील, त्या सगळ्यांत आमच्या दाजींइतकं खोल इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. हे मी नुसती मेव्हणी म्हणून बोलत नाही, बी.ए. झालेली बाई म्हणून बोलते. खोल म्हणाले, रुंद म्हणाले नाही. दाजींचं इंग्रजी ए या अक्षरापासून सुरू व्हायचं आणि के या अक्षराशी संपायचं. या टापूतला कुठलाही शब्द काढा, दाजी त्याचा बाप, आजा, पणजा, तो कुठल्या मुलखातून निघाला आणि वाटेत कुणाकुणाकडे मुक्काम केला, हे सगळं सांगायचे. के ओलांडला की अंधार. 'वॉटर' म्हणजे पाणी एवढं त्यांना शाळेतून माहीत होतं, पण पाण्याचं खानदान विचारलं की ते मान खाली घालून मशीनला तेल द्यायला लागायचे. आणि धंदा काय, तर टेलरिंग. टेंभुर्णीच्या बाजारपेठेत दुकान, दुकानावर निळ्या रंगात पाटी, 'जेंट्स टेलर'. त्यातला जेंट्स त्यांना सात पिढ्यांसकट पाठ होता. टेलर मात्र के च्या पलीकडे, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं परदेशात.

याचं कारण साधं होतं. टेलर माणसाला कागदावर माप कापायला रद्दी लागते. दाजी ती जालन्याहून आणायचे. एकदा तिथल्या कुणा रिटायर साहेबाच्या घरची रद्दी आली, तिच्यात वर्तमानपत्रांच्या तळाशी चामडी पाठीचा एक दांडगा ग्रंथ निघाला. इंग्रजी शब्दकोश, दोन खंडांतला पहिला. त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचं मूळही दिलेलं. दाजी मॅट्रिकला इंग्रजीतच तीनदा आपटलेले. त्यांनी तो ग्रंथ कापायला म्हणून उघडला आणि मग जन्मभर कापला नाही. मोठं पुस्तक समजायला त्यांनी शाळेतल्या पोरांचा छोटा इंग्रजी-मराठी कोश विकत घेतला, आणि एका मांडीवर मोठा, एका मांडीवर छोटा, असं वाचन सुरू झालं. दुसरा खंड कुठं गेला असेल याचा त्यांनी पोलिसासारखा तपास केला. शेवटी निष्कर्ष निघाला की तो शेंगदाणेवाल्याकडे गेला असणार. तेव्हापासून दाजी कुठल्याही गाड्यावर शेंगदाणे घ्यायचे, ते पुडा बघून. एवढ्या वर्षांत त्यांना पंचांगाची पानं मिळाली, नववीचा भूगोल मिळाला, कुणाची तरी जमिनीची मोजणी मिळाली, पण एल काही मिळाला नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणायची, "माझी सवत अर्धीच हाये म्हणून नांदले. पुरी असती तर माहेरी निघून आले अस्ते."

दुकानात गिऱ्हाईक आलं की मापाबरोबर शब्द फुकट. शर्टाची कॉलर मोजताना दाजी सांगायचे की आत जे कडक कापड घालतात ते बकरम, आणि बकरम हे नाव बुखारा शहरावरून आलं. पुस्तकात त्याच्या आधी 'कदाचित' असा शब्द होता. दाजींना तो फार खटकायचा. एवढा मोठा ग्रंथ लिहायला बसायचं आणि कदाचित म्हणायचं, हे त्यांना कच्च्या टाक्यासारखं वाटे. म्हणून त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते उसवून टाकलं होतं. टेंभुर्णीचे कितीतरी शेतकरी गळ्यात बुखारा घालून मंठ्यापर्यंतच्या लग्नांना जाऊन आले, आणि तसं सांगतही सुटले. बटण म्हणजे फुलाची कळी, हे कळल्यावर तर एका नवरदेवाच्या कोटाला बटणं कुठली लावायची यावर दाजींनी इतका विचार केला की कोट हळदीपर्यंत तयार झाला नाही. नवरदेव भावाच्या कोटात बोहल्यावर उभा राहिला. दाजी त्याच लग्नात जेवायला गेले आणि नवरदेवाला म्हणाले, "घाई केलीत. पाच कळ्या उमलायला टाइम लागतो." नवरदेवाच्या बापानं त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं.

पण त्यांची खरी सवय, जिच्यामुळे अख्खी बाजारपेठ हसायची, ती माप घ्यायची. बाकीचे टेलर गिऱ्हाईकाला सरळ उभं करतात, हात खाली. दाजी म्हणायचे, "दोन्ही हात वर करा." आणि हात वर असतानाच बगलेपासून कमरेपर्यंत टेप लावायचे. त्यांचं म्हणणं, माणूस कपडे घालून पुतळ्यासारखा उभा राहत नाही. तो झाडावर चढतो, बैलाची वेसण धरतो, माळ्यावरचं गाठोडं काढतो. जो कपडा हात वर केल्यावर कमरेतून निघून येतो तो कपडा नव्हे, खोळ. एकदा गावचे सरपंच सफारी शिवायला आले. हात वर करा म्हटल्यावर म्हणाले, "मी काय चोरीत सापडलो का?" दाजींनी टेप गळ्यात टाकला आणि शांतपणे सांगितलं की हात खाली ठेवलेल्या माणसाचं माप त्यांच्याकडं मिळत नाही, हवं तर समोरच्या दुकानात मिळेल. सरपंचांनी इकडंतिकडं बघून हात वर केले. नेमकी तेव्हाच शाळा सुटली होती.

ही सवय त्यांना कशी लागली, ते मला माहीत आहे. मला म्हणण्यापेक्षा माझ्या पोलक्याला.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या. आमच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे स्वतःची विहीर हा विषयच नव्हता. अण्णा आणि माय दोघं कामावर जायचे, ते खाली खोदायचे, ती वर माती ओढायची. एका विहिरीचं काम संपलं की दुसरी मिळेपर्यंत घरात ज्वारीच्या कण्यांशी गाठ. अक्का चौथीत शाळेतून निघाली ती मला सांभाळायला. मी शाळेत टिकले ती केवळ मला सांभाळायला कुणी धाकटं नव्हतं म्हणून. आमच्या घरात आम्हा दोघींआधी कुणाला सहीसुद्धा करता येत नव्हती. अण्णा अंगठ्याला शाई लागली की दोन दिवस धुवायचे नाहीत, शाई महाग असते म्हणायचे.

मला शाळेचं एक पांढरं पोलकं होतं. पाचवीत शिवलेलं, आणि मी आता सातवीत. बगलेत ते उसवायचं. माय संध्याकाळी शिवायची, पण शिवताना सुताभर कापड आत जायचं, म्हणजे दर शिवणीला पोलकं आणखी आवळ. शेवटी अशी गत झाली की मी हात खांद्याच्या वर नेला की टर्र आवाज व्हायचा. वर्गात एकदा झाला. मागच्या बाकावरची पोरं आठवडाभर तोंडानं तो आवाज काढत होती. त्यानंतर मी कोपर बरगडीला चिकटवून ठेवायला शिकले. गुरुजी प्रश्न विचारायचे, मला उत्तर यायचं, जिभेवर येऊन बसायचं, पण आमच्या वर्गाचा नियम कडक होता. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. मी दोन वर्षं बोलले नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी बाजारात अण्णांना गाठून काळजीनंच सांगितलं की पोरगी वर्गात हूं की चूं करत नाही, तिच्या डोक्यावर फार जोर देऊ नका. अण्णांनी ते ऐकलं आणि ठरवून टाकलं. सातवी झाली की बस. पुढं माती ओढायला दोन हात वाढतील.

आपला जालना औरंगाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं होतं. पंचमीला ती माहेरी आली आणि चार दिवसांनी दाजी तिला न्यायला आले. नवा जावई, पहिली खेप. मायनं उसनवारी करून पुरणाचा घाट घातला. दाजींच्या अंगात लग्नात अण्णांनीच दिलेल्या कापडाचा सदरा होता, पांढऱ्यावर बारीक निळी रेघ, स्वतः शिवलेला. मी शाळेतून आले तशीच वाढायला लागले. दाजी जेवता जेवता थांबले. मला वाटलं पुरणात खडा लागला.

"ही पोरगी अशी का वाढून राह्यली?" ते अक्काला म्हणाले. "कोपराला सुतळी बांधल्यावानी."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कुसुम, त्या फळीवरची चटणी दे."

फळी उंच होती. मी चटणी काढायला पाट आणला, पाटावर उभी राहिले, तरी कोपर सोडलं नाही. दाजी ताटावरून उठले. जावई ताटावरून उठला म्हटल्यावर माय चुलीपाशी पांढरी पडली. त्यांनी मला अक्काचं जुनं झंपर घालून यायला लावलं, पोलकं मागून घेतलं, उलटं केलं, बगलेत बोट घातलं, आणि खिशातून सुईदोरा काढला. सुईदोरा त्यांच्या खिशात कायम असायचा, दुसऱ्याच्या खिशात तंबाखू असते तसा. मग विचारलं, चिंधी हाये का. आमच्या घरात चिंधी नव्हती. चिंधी व्हायला आधी कपडे लागतात. दाजींनी एक क्षण इकडंतिकडं बघितलं, मायची विळी ओढली, आणि अंगातल्या सदऱ्याचा मागचा शेव कापून टाकला.

सासऱ्यानं दिलेला आहेर, पहिली खेप, भरल्या ताटाशेजारी. माय रडायलाच लागली. अण्णा उंबऱ्यात बसले होते, ते आभाळाकडं बघायला लागले. अक्कानं कपाळावर हात मारून घेतला, तो तिचा संसारातला पहिला, पुढं तिला त्याची सवय झाली. दाजी मात्र शांतपणे कापडाचा शंकरपाळ्यासारखा तुकडा करत होते. तो त्यांनी पोलक्याच्या बगलेत, बाही आणि अंग जिथं भेटतात तिथं, बसवायला घेतला. आपल्याकडं त्याला चौबगला म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. मग नाकावरून चष्मा नसताना चष्म्यावरून बघावं तसं बघत म्हणाले, "इंग्रजीत गसेट."

आमच्या घरात उच्चारला गेलेला तो पहिला इंग्रजी शब्द. आणि तोसुद्धा असला, की पुढं कॉलेजातल्या अर्ध्या प्राध्यापकांना मला समजावून सांगावा लागला.

टाका घालता घालता दाजींनी सगळी कहाणी सांगितली. फ्रान्स म्हणून मुलूख हाये. तिथले शिपाई पूर्वी लोखंडाचे कपडे घालायचे, डोक्यापासून पायापर्यंत. पण लोखंड बगलेत वाकत नाही. हात वर जात नाही म्हटल्यावर तलवार काय चाटायची? मग त्यांनी बगलेत बारीक कड्यांचा, लवचीक असा तुकडा घातला. त्याचं नाव गूसे. गूस म्हणजे शेंग, गूसे म्हणजे बारकी शेंग. "बघ," दाजींनी तुकडा बोटानं दाबून दाखवला, "तुरीच्या शेंगेवानीच हाये. दोन्हीकडून निमुळती, मधी फुगीर. इंग्रजांनी ते नाव उचललं अन् कपड्याला लावलं. लढाई कोण जिंकतं? आपल्याला वाटतं तलवार. तलवार उचलतं कोण? हे."

अण्णांना फ्रान्सशी काही देणंघेणं नव्हतं. ते उंबऱ्यातून म्हणाले, "जवाईबापू, कशाला कष्ट घेता. आठ महिन्यांनी ती कामाला येऊन राह्यली. गुरुजी म्हणाले, डोकं चालत न्हाई तिचं."

दाजींनी दोरा दातानं तोडला. "अण्णा, तुमी विहीर कशानं मोजता?"

"परसानं."

"परस म्हंजे किती?"

हे विहीर खोदणाऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हे. अण्णा जरा रागानंच उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून दाखवले. माणूस सरळ उभा राहिला, हात वर केले, की पायापासून बोटांच्या टोकापर्यंत होतं ते एक परस. आमच्याकडं अशा परसांनीच विहिरीची खोली सांगतात.

"हात खाली ठेवून मोजली तर?"

"ते माप खोटं पडंल ना."

"मंग पोरगी हात खाली ठेवून कशी मोजली?" दाजी म्हणाले. "पोरगी मंद न्हाई, अण्णा. पोलकं आवळ हाये."

चूल धुमसत होती. अण्णा अजून हात वर करून उभे होते, ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी हळूच खाली घेतले. विहिरीला पाणी लागत नसलं आणि मालक काम थांबवायला निघाला की अण्णा त्याला एकच वाक्य सांगायचे. तेच त्यांनी आता सांगितलं, "बघू मंग. अजून एक परस."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती हात वर करायलाच. गुरुजी आत आले, त्यांनी छडी टेबलावर ठेवली, आणि मी हात वर केला. आवाज नाही. पुन्हा केला. नाही. बगलेत निळ्या रेघांची शेंग उघडायची आणि मिटायची. पोरींनी ती बघितली आणि दुपारपर्यंत माझं नाव पट्टेवाली पडलं. पडू दे. पहिला तास संपेपर्यंत गुरुजींनी काय विचारलं हे मी ऐकलंच नाही, नुसता हात वर. त्यात त्यांनी कधीतरी विचारलं होतं की काल अंघोळ कोणी केली नाही, तेव्हाही वर गेलेला एकटाच हात माझा. पण दुसऱ्या तासाला त्यांनी भागाकार विचारला, आणि मी बोलले. गुरुजींनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "इतके दिवस कुठं होतीस?" मी म्हणाले, "इथंच होते गुरुजी." सातवीला मी वर्गात दुसरी आले. पहिला आलेला पोरगा गुरुजींचा पुतण्या होता, आणि तो खरोखर हुशार होता, हेही सांगते.

तेव्हापासून दाजींनी हात खाली ठेवलेल्या माणसाचं माप घेतलं नाही.

दहावी झाली, बारावी झाली. दर वर्षी अण्णांचं एक परस. मी जालन्याला कॉलेजात निघाले त्या दिवशी दाजी मुद्दाम टेंभुर्णीहून आले. मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तिथं लायब्ररी असंल. तिच्यात दुसरा खंड असंल." मला वाटलं हे आता शब्दांची यादी देतात. पण ते म्हणाले, "टेलर कुठून आला ते बघ. पण मला सांगू नको. बी.ए. झालीस की सांग. तवर मी थांबतो." चौदा वर्षं शेंगदाण्याचे पुडे उलगडणारा माणूस सांगत होता की मी थांबतो. मी म्हणाले, "दाजी, नापास झाले तर?" ते म्हणाले, "तर मी बिनमुळाचा मरंल. तू बघ काय ते."

लायब्ररीत दुसरा खंड होता. पहिल्याच आठवड्यात मी तो काढला, टेलर शोधला आणि वाचून माझं तोंड उतरलं. पुस्तक बंद करून जागेवर ठेवलं. दाजींना आवडेल असं त्यात काही नव्हतं. पुढं मी जेव्हा जेव्हा टेंभुर्णीला जायची, तेव्हा अक्का म्हणायची, सांगून टाक एकदाचं, ह्यांचा जीव टांगणीला लागलाय, माझे ब्लाऊज तसेच पडून राह्यले. मी नुसतं तोंड उघडलं तरी दाजी पायानं मशीन इतक्या जोरात मारायचे की काही ऐकू येऊ नये. मलाही ते बरंच होतं.

त्यांची पोस्टकार्डं मात्र दर सोमवारी यायची. एका कार्डावर एक शब्द आणि त्याचं मूळ, खाली 'अण्णा, माय ठीक. तुझा दाजी.' हॉस्टेलातल्या पोरींना वाटायचं मला कुणी वेडा प्रेमपत्रं पाठवतो, कारण कार्डावर कधी 'कॅटरपिलर' असायचं तर कधी 'जॅकेट'.

आता इतकं सगळं असून मी इंग्रजीत नापास झाले, हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. शेवटच्या वर्षाला बाकी सगळे विषय निघाले आणि सक्तीचं इंग्रजी राहिलं. पुन्हा बसले, पुन्हा राहिलं. पेपर हातात आला की मला त्यातली प्रत्येक ओळ साहेबासारखी दिसायची, बूट घातलेली. अण्णांचे गुडघे तोवर गेलेले. एका स्थळाकडून निरोप आला होता, मुलगा बरा होता. अण्णा या वेळी परस म्हणाले नाहीत. म्हणाले, "खडक लागला असंल बाई. खडकापुढं कुणाचं चालत न्हाई." मी पिशवी उचलली आणि टेंभुर्णीला जाऊन दाजींच्या दुकानात काजं करत बसले. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "मी खुणा करून ठेवल्यात. फक्त खुणेची पानं वाच. मोठ्यानं. मला ऐकायचंय."

पहिली खूण 'बँडॅना'. डोक्याला बांधायचा रुमाल. मूळ, आपली बांधणी. पुढं 'कॅलिको', कालिकतचं कापड. 'चिंट्झ', आपली छींट. 'कमरबंड' तर सांगायलाच नको. 'डंगरी', मुंबईच्या डोंगरीतलं जाडंभरडं कापड. 'गनी', गोणी. आपली ज्वारीची गोणी. 'जॉधपर्स'. शेवटी 'खाकी', म्हणजे खाक, धूळ, माती. मी वाचत गेले आणि मला हसायला यायला लागलं. दाजी मशीन थांबवून बसले होते.

"तू त्याला घाबरून राह्यली," ते म्हणाले. "त्याच्या अंगावर तर आपलीच ठिगळं हायेत. एक बाही फ्रान्सची, कॉलर लॅटिनची, अन् अस्तर आपल्या बाजारातलं. उसनं पासनं घेऊन शिवलेला सदरा हाये त्यो. उसवून बघ, भेव जाईल."

मी आठ दिवस दुकानात बसून उसवत होते. कुठलाही शब्द घ्यायचा, शिवण कुठं आहे ती बघायची, तुकडे वेगळे करायचे. दाजींना के पुढचं येत नव्हतं, पण उसवायची रीत अक्षरावर अवलंबून नसते. अण्णांना दाजींनी निरोप पाठवला की स्थळाला सांगा, पाव्हण्यांच्या सफाऱ्या शिवायला घेतल्यात, जल्दी करू नका. दाजींच्या हातात काम म्हटल्यावर सहा महिने आपोआप मिळाले. मी परीक्षेला बसले. निकाल लागला. इंग्रजीत पस्तीस. बरोबर पस्तीस, एकही शिल्लक नाही, कापड पुरतं लागावं तसं.

पदवीदानाला औरंगाबादला आम्ही पाचजण गेलो. अण्णा नव्या धोतरात, माय, अक्का, दाजी आणि मी. भाड्यानं काळा झगा मिळाला. मी तो घातला आणि मायनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. दाजींनी झग्याची शिवण चिमटीत धरून बघितली, नाक मुरडलं आणि लिंबाखाली उभे राहिले.

"सांग आता," ते म्हणाले.

मी पाच वर्षं घोकून ठेवलं होतं. "दाजी, शब्द फ्रान्सचाच आहे. ताये म्हणजे कापणे. त्याच्याही मागं लॅटिन, छाटलेली फांदी. टेलर म्हणजे कापणारा."

"निस्ता कापणारा?"

"हो."

"अन् शिवणाऱ्याचं?"

"शिवणाऱ्याचं तिथं काही नाही, दाजी."

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे. दाजींनी टेप नसलेल्या गळ्याकडं सवयीनं हात नेला आणि म्हणाले, "लिहिणारा कपडा पुरा व्हायच्या आधीच उठून गेल्ता वाटतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हात वर कर."

भर मैदानात, साहेबलोकांत, काळ्या झग्यात, मी हात वर केला. दाजी बगलेखाली वाकून बघत होते. झगा ऐसपैस होता, चौबगल्याची गरज नव्हती. तेवढ्यात तिथल्या फोटोग्राफरनं बटण दाबलं. दाजी फोटोत पाठमोरे आले आहेत. अण्णा शेजारी उभे आहेत आणि माझ्या पायापासून बोटांपर्यंत बघत आहेत, नजरेनं मोजत असल्यासारखे. फोटो काढून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाणी लागलं."

आता टेंभुर्णीत तयार कपड्यांची तीन दुकानं झाली. दाजींची पाटी उतरली. ते ओट्यावर बसतात, डोळ्यांना कमी दिसतं, सुईत दोरा अक्का ओवून देते. मी मंठ्याला हायस्कुलात शिकवते. माझ्याकडं पूर्ण शब्दकोश आहे, ए पासून झेड पर्यंत. मागच्या दिवाळीला दाजींना सांगितलं की पायजमासुद्धा इंग्रजीत गेलाय, शालसुद्धा. ते हसले, म्हणाले, "असंल. मला आता के पुरं हाये." आणि जाताना त्यांनी तो चामडी पाठीचा अर्धा ग्रंथ माझ्या पिशवीत घातला. वर्गात एखादी पोरगी फार गप्प बसली तर मी आधी तिची बगल बघते, मग वही.

फोटो आमच्या घरात दारासमोर लावलेला आहे. पाहुणे विचारतात, यात तुम्ही हात का वर केलाय. मी सांगते, मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे.